किडनी प्रत्यारोपणानंतरचं पोट : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रत्यारोपण झालेल्या वाचकांचे या वेळचे बहुतेक प्रश्न पोटाचे आहेत : जुलाब, मळमळ, आम्लपित्त, तोंड येणं. रिजेक्शन, म्हणजे शरीराने नव्या किडनीला परकी समजून नाकारणं, रोखणाऱ्या गोळ्यांशी या तक्रारींचा जवळचा संबंध आहे, पण तो दर वेळी वाटतो तसा सरळ नसतो. काही पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझं किडनी प्रत्यारोपण झालं. रिजेक्शन रोखणारं टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड गटातलं प्रेडनिसोलोन चालू आहे. पंधरा दिवसांपासून रोज पाच-सहा पातळ जुलाब होतात. ओळखीच्या एका पेशंटने सांगितलं की हे मायकोफेनोलेटमुळेच होतं. म्हणून दोन दिवस संध्याकाळची गोळी घेतली नाही, तर बरं वाटलं. असंच चालू ठेवलं तर चालेल का?

उत्तर : नाही. आजच प्रत्यारोपण केंद्राला फोन करा आणि दोन्ही गोष्टी सांगा : जुलाब होताहेत हे, आणि डोस चुकवले हेही. दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढलेलं आलं तर त्याचा अर्थ लावताना डॉक्टरांना हीच माहिती लागते. केंद्राने वेगळं काही सांगितलं नाही तर संध्याकाळची गोळी ठरल्याप्रमाणे घ्या. चुकलेले डोस भरून काढायला दुप्पट गोळ्या मात्र घेऊ नका.

तुमच्या ओळखीच्या पेशंटचा अंदाज चुकीचाच असेल असं नाही. मायकोफेनोलेट लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना नवीन डीएनए तयार करू देत नाही, म्हणून ते रिजेक्शन रोखतं. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशीही दर तीन ते पाच दिवसांनी बदलत असतात आणि त्यांनाही हीच यंत्रणा बऱ्याच अंशी लागते. त्यामुळे अस्तर पातळ पडतं आणि जुलाब लागतात. शिवाय हे औषध एकदा शोषलं गेलं की संपलं, असं होत नाही. यकृतातून ते पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं, तिथले जीवाणू ते मोकळं करतात आणि ते परत शोषलं जातं. म्हणजे एका गोळीचा आतड्याशी दोनदा संबंध येतो.

तरीही चौथ्या महिन्यात फक्त गोळीवर ठपका ठेवणं धोक्याचं आहे. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, याच्या प्रतिबंधासाठी दिलेलं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर अनेक रुग्णांमध्ये तिसऱ्या महिन्यानंतर थांबवतात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत हा विषाणू डोकं वर काढतो. आतड्यात सीएमव्ही असताना रक्तातली पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निगेटिव्हही येऊ शकते, म्हणून एक रिपोर्ट चांगला आला की शंका संपली असं समजायचं नसतं. क्लॉस्ट्रिडिऑइडस डिफिसिल (पुढे नुसतं डिफिसिल) हा जीवाणू, नोरोव्हायरस हा विषाणू, क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया हे परजीवी, हे बाकीचे संशयित. प्रत्यारोपण झालेल्या माणसात नोरोव्हायरस दोन-तीन दिवसांत न जाता महिनोन्‌महिने रेंगाळू शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम नेहमीच्या साध्या शौच तपासणीत सहसा दिसत नाही. त्यासाठी खास रंगद्रव्य वापरून किंवा पीसीआरने तपासावं लागतं आणि हे प्रयोगशाळेला आधी सांगावं लागतं.

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या तीव्र जुलाबांवर 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायडॅक्ट या अभ्यासात असं दिसलं की पद्धतशीर शोध घेऊन सापडलेल्या कारणावर उपचार केले, तर सुमारे निम्म्या रुग्णांचे जुलाब रिजेक्शनच्या औषधांना हातही न लावता थांबतात. आधी संसर्ग शोधायचा आणि मग गोळीकडे वळायचं, हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो तो यासाठीच.

तपासण्या साधारण या होतील : हिमोग्राम, क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम, टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातलं औषधाचं प्रमाण), सीएमव्ही पीसीआर आणि शौचाच्या वर सांगितलेल्या चाचण्या. पांढऱ्या पेशी कमी आल्या तरी त्यावरून निकाल लावता येत नाही, कारण त्या सीएमव्हीमुळेही घटतात आणि मायकोफेनोलेटमुळेही. तुमची इतर औषधंही एकदा नजरेखालून घाला. मॅग्नेशियमच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स, यातलं कोणतंही जुलाब लावू शकतं. मॅग्नेशियमचं तर दुष्टचक्रच होतं : टॅक्रोलिमसमुळे मॅग्नेशियम लघवीवाटे जातं, म्हणून गोळ्या दिल्या जातात, गोळ्यांनी पोट ढिलं होतं आणि जुलाबांतून मॅग्नेशियम आणखी जातं.

काहीच सापडलं नाही तर गोळीचा विचार. तेव्हाही पहिली पायरी डोस कमी करण्याची नसते. दिवसाचा एकूण डोस तोच ठेवून तो तीन-चार वेळांत विभागतात, उदाहरणार्थ 1000 मिलिग्रॅम दोनदा घेण्याऐवजी 500 मिलिग्रॅम चारदा. जेवणासोबत घेतल्यानेही फरक पडतो. अन्नामुळे रक्तातलं औषधाचं शिखर बरंच खाली येतं, पण एकूण शोषण तेवढंच राहतं. त्याने भागलं नाही तर आतड्यात विरघळणारी मायकोफेनोलेट सोडियमची गोळी देऊन पाहतात. डोस उतरवणं त्यानंतर, आणि तेही टॅक्रोलिमसची लेव्हल व क्रिएटिनिन यांवर लक्ष ठेवून. काहींना शेवटी अझाथायोप्रिन या रिजेक्शनच्याच दुसऱ्या औषधावर नेतात.

दोन दिवस गोळी चुकवून बरं वाटलं, किडनीला काही झालंही नाही, असा अनुभव फसवा असतो. रिजेक्शन सुरुवातीला दुखत नाही. लघवी होत राहते, भूक लागते, आणि रक्तात क्रिएटिनिन चढलेलं दिसतं तोवर बरंच काही होऊन गेलेलं असतं.

प्रश्न : मागच्या महिन्यात मला जुलाब झाले. टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल नेहमीइतक्याच घेत होते, एकही जास्त नाही. तरी लेव्हल जवळजवळ दुप्पट आली आणि हात थरथरू लागले. औषध जुलाबांवाटे वाहून जायला हवं होतं ना? उलट वाढलं कसं?

उत्तर : तुम्हाला वाटलं तसंच बहुतेकांना वाटतं, आणि म्हणून काही जण जुलाबांत आपणहून एखादी कॅप्सूल जास्त घेतात. हे अतिशय धोक्याचं आहे.

एरवी तोंडाने घेतलेल्या टॅक्रोलिमसपैकी सरासरी जेमतेम चौथा हिस्सा रक्तात पोचतो. आतड्याच्या भिंतीत सीवायपी3ए नावाची विकरं (एन्झाइम) ते मोडतात आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप उरलेलं परत आतड्यात ढकलतो. हे दोघे म्हणजे दारावरचे पहारेकरी. जुलाबांत अस्तराला इजा झाली की पहारा ढिला पडतो. त्यातच औषध झपाट्याने खालच्या आतड्यात जातं, जिथे ही विकरं मुळात कमी असतात. डोस तोच राहतो, पण रक्तात जास्त पोचतं. सायक्लोस्पोरिन या रिजेक्शनच्या दुसऱ्या औषधाचं असं होत नाही. त्याची लेव्हल जुलाबांत साधारण तेवढीच राहते किंवा घटते.

वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. अंगातलं पाणी कमी झाल्यानेही किडनीचा रक्तपुरवठा घटतो. दोन्ही एकदम झालं की क्रिएटिनिन वर जातं आणि वरवर पाहता ते रिजेक्शनसारखंच दिसतं. म्हणून प्रत्यारोपण झालेल्या माणसाला एक दिवसाहून जास्त जुलाब झाले तर लेव्हल तपासायचीच.

लेव्हलचं रक्त संध्याकाळच्या डोसनंतर 12 तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी द्यायचं असतं. चुकून कॅप्सूल घेऊन गेलात तर आकडा फुगलेला येईल आणि नसलेल्या वाढीवर डोस कमी केला जाईल. असं झालं तर रक्त घेणाऱ्याला तिथेच सांगा आणि चाचणी दुसऱ्या दिवशी करा.

आता जो भाग सगळ्यात जास्त राहून जातो तो. जुलाबांच्या काळात डॉक्टरांनी टॅक्रोलिमस कमी केलं, आठवड्याभरात पोट पूर्ववत झालं आणि डोस मात्र कमीच राहिला. आतड्यातला पहारा परत आला की लेव्हल घसरते आणि मग रिजेक्शनला मोकळी वाट मिळते. डोस बदलला की दोन-तीन दिवसांनी एक आणि जुलाब थांबल्यावर आठवड्याच्या आत आणखी एक, अशा दोन लेव्हल आठवणीने मागून घ्या.

घरी काय करायचं? ओआरएसचं पूर्ण पाकीट, त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, बहुधा 1 लिटर. अर्ध्या पाण्यात घट्ट केलेलं ओआरएस जुलाब वाढवतं. प्रत्येक जुलाबानंतर 200 ते 400 मिलिलिटर घोट घोट घ्या, तयार केलेलं 24 तासांनी टाकून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या 1 लिटर ओआरएसमध्ये 20 मिलिमोल पोटॅशियम असतं. टॅक्रोलिमसमुळे तुमचं पोटॅशियम आधीपासून चढं असेल तर किती प्यायचं ते केंद्राला विचारून ठरवा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन, दिवसभरातली लघवी आणि रक्तदाब लिहून ठेवा. एक-दोन दिवसांत वजन 2 किलो उतरलं, उभं राहिल्यावर चक्कर आली किंवा लघवी निम्म्यावर आली तर घरी थांबू नका.

ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येतं अशा रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मेटफॉर्मिन आणि 'ग्लिफ्लोझिन' गटातली मधुमेहाची औषधं अशा दिवसांत बहुधा तात्पुरती थांबवावी लागतात. त्याच दिवशी फोन करून विचारा.

प्रश्न : माझी मायकोफेनोलेटची गोळी 500 ची होती, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन. आता 360 ची दिली आहे, तीही दोन-दोनच. डोस कमी झाला म्हणून काळजी वाटते.

उत्तर : डोस कमी झालेला नाही. मायकोफेनोलेट मोफेटिल (तुमची जुनी गोळी) 1000 मिलिग्रॅम म्हणजे मायकोफेनोलेट सोडियम (नवी गोळी) 720 मिलिग्रॅम, दोन्हींतून मिळणारं प्रत्यक्ष औषध सारखंच. नवी गोळी जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते, म्हणून ती तोडायची, चावायची किंवा कुटायची नाही. मळमळ आणि पोटाच्या वरच्या भागातली जळजळ असणाऱ्यांना या बदलाचा उपयोग होतो. जुलाब मात्र प्रत्येकाचे थांबतातच असं नाही, कारण पित्तावाटे औषध पुन्हा आतड्यात येणं यातही चालूच राहतं. घरात जुन्या गोळ्या उरल्या असतील तर त्या वेगळ्या काढून ठेवा. दोन्ही एकाच वेळी घेतल्या जाण्याची चूक याच काळात होते. मायकोफेनोलेट गर्भाला अपायकारक आहे, त्यामुळे गरोदर किंवा गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला सायक्लोस्पोरिन बंद करून टॅक्रोलिमस सुरू केलं. मायकोफेनोलेटला हातही लावला नाही, तरी तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब. टॅक्रोलिमस सोसत नाही असं समजायचं का?

उत्तर : घाई करू नका. टॅक्रोलिमसनेही जुलाब होतात, पण इथे आणखी एक गोष्ट घडते. सायक्लोस्पोरिन मायकोफेनोलेटला पित्तात उतरू देत नाही, त्यामुळे त्याचा आतड्यातला दुसरा फेरा थांबलेला असतो. सायक्लोस्पोरिन काढलं की तो फेरा सुरू होतो आणि गोळ्या तेवढ्याच असूनही अंगात मायकोफेनोलेट वाढतं. डॉक्टरांशी हे बोला. अशा वेळी मायकोफेनोलेटचा डोस थोडा उतरवणं योग्य ठरू शकतं. संसर्गाच्या तपासण्या इथेही आधी करायच्याच.

प्रश्न : सकाळच्या गोळ्या घेतल्या आणि उलटी झाली. पुन्हा घ्यायच्या की नाही?

उत्तर : अनेक केंद्रांमध्ये अशी रीत आहे : अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा, एक तास उलटून गेला असेल तर पुन्हा नाही. मधल्या वेळेसाठी काही ठिकाणी अर्धा डोस सांगतात. उलटीत अख्खी कॅप्सूल दिसली तर ते फोनवर जरूर सांगा. तुमच्या केंद्राने वेगळा नियम दिला असेल तर तोच पाळा. अजून विचारला नसेल तर उलटी होण्याची वाट न बघता आताच विचारून औषधांच्या तक्त्यावर लिहून ठेवा.

लागोपाठ दोन डोस पोटात टिकले नाहीत तर तो दवाखान्यात जाण्याचा प्रसंग आहे, कारण औषधं शिरेतून द्यावी लागू शकतात. यात रिजेक्शनइतकीच प्रेडनिसोलोनचीही काळजी असते. महिनोन्‌महिने ते घेतल्यावर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल पुरेसं बनवत नाही. गोळी अचानक तुटली की प्रचंड थकवा, रक्तदाब घसरणं आणि पुन्हा उलट्याच होतात. उलटीवर घरात पडलेली गोळीही विचारून घ्या : मेटोक्लोप्रामाइडने टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते, ऑन्डॅनसेट्रॉन आणि टॅक्रोलिमस मिळून हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात.

प्रश्न : आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल चालू आहे. त्याशिवाय छातीत जळजळलं की पातळ अँटासिड पिते. चालेल का?

उत्तर : अँटासिड चालेल, पण वेळ सांभाळून. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम मायकोफेनोलेटला धरून ठेवतं आणि शोषण घटतं. गोळी घेतल्यावर किमान 2 तासांनी अँटासिड घ्या. टॅक्रोलिमसपासूनही तेवढंच अंतर ठेवा. फॉस्फरस कमी करणारं सेव्हेलामर घेत असाल तर तेही मायकोफेनोलेटनंतर 2 तासांनीच.

पॅन्टोप्राझोलची गोष्ट निराळी आहे. मायकोफेनोलेट मोफेटिल विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. आम्ल कमी झालं की शोषण थोडं घटतं. सोडियमच्या गोळीत ही अडचण येत नाही. यासाठी पॅन्टोप्राझोल मनाने बंद करायची गरज नाही, पण ते अजून कशासाठी चालू आहे हे पुढच्या भेटीत विचारा. वर्षानुवर्षं घेतल्याने मॅग्नेशियम उतरतं आणि डिफिसिलच्या जुलाबांची शक्यता वाढते.

जळजळ प्रेडनिसोलोनमुळे असेल तर ते सकाळी खाल्ल्यावर घेतल्याने फरक पडतो. टॅक्रोलिमस मात्र जेवणाआधी 1 तास किंवा जेवणानंतर 2 तासांनी, आणि रोज एकाच पद्धतीने. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं प्रेडनिसोलोनसोबत घेतली की जठरात व्रण होण्याचा धोका बराच वाढतो आणि किडनीलाही मार बसतो. ती घरात ठेवूच नका.

प्रश्न : एंडोस्कोपीत एच. पायलोरी हा जठरातला जीवाणू निघाला. पोटाच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसह 14 दिवसांचा कोर्स लिहून दिला आहे. आज सुरू करू?

उत्तर : आज नको. क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकरांना अडवतं आणि काही दिवसांतच लेव्हल कित्येक पटींनी चढू शकते. रक्तस्राव होत नसेल तर एच. पायलोरीचा उपचार काही दिवस थांबू शकतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या, हे औषध वगळून केलेले कोर्स उपलब्ध आहेत. तेच द्यावं लागलं तर टॅक्रोलिमस आधीच कमी करून दर दोन-तीन दिवसांनी लेव्हल पाहतात, आणि कोर्स संपल्यावर डोस पुन्हा वाढवतात. हीच काळजी एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, डिल्टियाझेम आणि ग्रेपफ्रूट यांच्याबाबत. उलट रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन लेव्हल पाडतात.

प्रश्न : रिजेक्शन रोखणारं एव्हरोलिमस सुरू केल्यापासून सारखं तोंड येतं. औषधाच्या दुकानातून जेल आणून लावू का?

उत्तर : कोणतं जेल ते आधी पाहा. मायकोनाझोलचं तोंडात लावायचं जेल एव्हरोलिमस आणि टॅक्रोलिमस दोन्हींची लेव्हल वाढवतं. नुसतं लावायचं औषध म्हणून ते सहज दिलं जातं आणि नेमकी तिथेच गफलत होते. एव्हरोलिमस आणि सिरोलिमसने येणारे व्रण छोटे, गोल, लाल कडांचे असतात. त्यांवर अल्कोहोल नसलेल्या द्रावणाने चुळा आणि डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची पेस्ट चालते. खरवडल्यावर निघणारा पांढरा थर दिसला तर ती बुरशी. त्यासाठी निस्टॅटिन, ते रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही.

प्रश्न : आईला उजव्या ओटीपोटात दुखतं. ती म्हणते गॅस आहे. किडनी पोटातच बसवली आहे ना, मग नेमकं काय दुखतंय हे कसं ओळखायचं?

उत्तर : घरी ओळखायला जाऊ नका. बसवलेली किडनी बहुधा ओटीपोटात एका बाजूला, शस्त्रक्रियेच्या व्रणाखाली, त्वचेपासून फार खोल नाही अशी असते. उजवीकडे असेल तर अपेंडिक्स आणि मोठं आतडं तिच्या शेजारीच. व्रणाखाली दाबल्यावर दुखणं, तिथे सूज, ताप, लघवी कमी, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन.

प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माणसात पोटाची लक्षणं दबलेली असतात. आतड्याला छिद्र पडलं तरी पोट लाकडासारखं कडक होत नाही, ताप येत नाही, माणूस "थोडं दुखतंय" एवढंच म्हणतो. त्यामुळे आईंचं दुखणं काही तास टिकलं किंवा वाढत गेलं तर अंगावर काढू देऊ नका. शौचातून रक्त, काळी डांबरासारखी शौच किंवा 38 अंश सेल्सिअसवर ताप असेल तर रात्र असली तरी न्या.

प्रश्न : जुलाब थांबवायला लोपरामाइड किंवा प्रोबायोटिक घेतलं तर?

उत्तर : संसर्ग नाही हे कळेपर्यंत लोपरामाइड नको. विशेषतः डिफिसिलच्या जुलाबांत आतडं थांबवणं महागात पडतं. संसर्ग नाही असं ठरल्यावर डॉक्टर ते देऊ शकतात. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू किंवा यीस्ट. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना ते रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत, म्हणून विचारल्याशिवाय नाही. घरात इतर कोणाला जुलाब होत असतील तर साबण-पाण्याने हात धुवा. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने डिफिसिलचे बीजाणू मरत नाहीत आणि नोरोव्हायरसवरही त्याचा भरवसा नाही.

प्रश्न : जुलाबांचं कारण सापडत नाही म्हणून कोलोनोस्कोपी ठरली आहे. किडनीच्या दृष्टीने काय सांभाळायचं?

उत्तर : पोट साफ करायला सोडियम फॉस्फेटचं द्रावण किंवा त्याचा एनिमा घेऊ नका. त्यातलं फॉस्फेट किडनीत साचून तिला कायमची इजा होऊ शकते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण मागून घ्या. टॅक्रोलिमस आणि इतर गोळ्यांच्या वेळा केंद्राला विचारून ठरवा. द्रावण प्यायला सुरुवात करण्याच्या बऱ्याच आधी त्या पोटात गेलेल्या हव्यात, नाहीतर तशाच वाहून जातात. द्रावणाशिवाय किती पाणी प्यायचं तेही विचारा, उपाशीपोटी आणि कोरडं राहून तपासणीला जाऊ नका. आतडं डोळ्याला निरोगी दिसलं तरी बायॉप्सी घ्यायला सांगा, कारण मायकोफेनोलेटचा परिणाम आणि सीएमव्ही हे दोन्ही कधी कधी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.